यंत्राबाई आणि चौथं तत्त्व

दिवाळी अंकांत नोकरीच्या आठवणी लिहिणारी माणसं मी वाचली आहेत. कोणी तीस वर्षं पोस्टात काढलेली, कोणी रेल्वेत, कोणी सरकारी दवाखान्यात. माझं काम दोन वर्षांचं, तेही कॉलेज सांभाळून अर्ध्या दिवसाचं. म्हणून संपादकांनी विचारलं तेव्हा मी आधी नाही म्हणाले. आमच्या घरातून कॉलेजात गेलेली मी पहिली. मोठ्या माणसांच्या पंगतीत पाट मांडून बसायची मला सवय नाही. पण या कामाबद्दल कोणी लिहिलेलं माझ्या पाहण्यात नाही, आणि बुधराम आजांबद्दल मी लिहिलं नाही तर कोणीच लिहिणार नाही, असं वाटलं. आजांची परवानगी घेतली आहे. नाव बदलू का, असं विचारलं तर म्हणाले, "कायले? माझं नाव काई चोरीचं होय का?"

आधी काम सांगते.

आमच्या कार्यक्रमाचं नाव "हाक". गावातल्या माणसाने एक नंबर लावायचा आणि आपल्या बोलीत अडचण सांगायची. हातपंप बिघडला, राशन मिळालं नाही, कालव्याचं पाणी आलं नाही, दवाखान्याची गाडी पाहिजे. पलीकडे माणूस नसतो, यंत्र असतं. ते बोलणं ऐकतं, लिहून काढतं, त्याचा अर्थ लावतं आणि ज्या खात्याचं काम त्या खात्याकडे पाठवतं. ज्यांना लिहिता येत नाही, अर्ज करता येत नाही, त्यांच्यासाठी ही सोय. कल्पना मला तेव्हाही आवडली होती, आजही आवडते. माझ्या बाबांनी उभ्या आयुष्यात कोणाला अर्ज लिहिलेला नाही.

माझं काम म्हणजे, यंत्राने लिहिलेलं बरोबर आहे की नाही ते तपासायचं. कानाला हेडफोन लावायचा. आवाज ऐकायचा. समोर पडद्यावर यंत्राने लिहिलेलं वाक्य येतं. चुकलं असेल तिथे दुरुस्त करायचं, म्हणजे पुढच्या वेळी ते कमी चुकतं. कागदावर आमच्या पदाला लांबलचक नाव आहे, पण ऑफिसात सगळे आम्हाला "ऐकणाऱ्या" म्हणतात. मी आणि रेहाना. ती गोंदिया शहरातली, हिंदीत वाढलेली. मी दरेकशाच्या अलीकडच्या एका गावातली. तिच्याकडे शहराचे फोन, माझ्याकडे खेड्यांचे.

सुट्टीत घरी गेले तेव्हा आईने विचारलं, "मशीन आयकते म्हनतेस, तं तू कायले?"

"मशीननं बरोबर ऐकलं का, ते मी ऐकते."

"आन तू बरोबर आयकलं का, ते कोन आयकते?"

मी म्हटलं, "आई, भाजी दे."

सुरुवातीचे काही आठवडे चाचणीचे होते. काही मोजक्या गावांना नंबर दिला होता. तेव्हा आम्ही खूप हसायचो. नागऱ्याचे एक काका प्रत्येक फोनची सुरुवात "हर हर महादेव" अशी करायचे. यंत्र पहिले शब्द नाव म्हणून घ्यायचं, त्यामुळे हातपंपाची तक्रार श्री. हर महादेव यांच्या नावाने पाणीपुरवठ्याकडे गेली. तिथून उलट फोन आला, "ये महादेवजी का पूरा पता भेजो." रेहाना म्हणाली, "कैलास लिख दूँ क्या?"

पण एक फोन असा आला की त्यावर आधी हसलो आणि मग हसता आलं नाही. इटियाडोह धरणाच्या कालव्याखालचा एक शेतकरी विचारत होता, "धानाले पानी सोडून राहिले का नाई जी?" म्हणजे, पाणी सोडत आहेत की नाही. यंत्राने लिहिलं, "पाणी सोडायचे राहिले आहे." आणि योगायोग असा, की त्या दिवशी पाणी खरंच सोडायचं राहिलं होतं. आम्ही टेबलावर डोकं ठेवून हसत होतो. केतकी मॅडम आल्या. त्या पुण्याहून आलेल्या, कार्यक्रम कसा चालावा याची तत्त्वं लिहून काढायचं काम त्यांच्याकडे होतं. "काय झालं, मलाही सांगा," म्हणाल्या.

मी समजावलं. आमच्याकडे "जाऊन राहिलो" म्हणजे जातो आहे. "खाऊन राहिली" म्हणजे खाते आहे. शाळेत मास्तर माझ्या निबंधातलं प्रत्येक "राहिलो" लाल शाईने खोडायचे. यंत्र पुस्तकी मराठीवर शिकलेलं. पुस्तकात "राहिलं" म्हणजे करायचं बाकी उरलं, नाहीतर थांबलं.

मॅडम हसल्या नाहीत. त्यांनी थोडा विचार केला आणि म्हणाल्या, "डिलेश्वरी, मग कोणी म्हणालं, पोट दुखून राहिलं, तर यंत्र काय लिहील?"

आम्ही करून पाहिलं. रेहानाने फोन लावला, मी बोलले. पडद्यावर आलं, "पोट दुखायचे राहिले." म्हणजे थांबलं.

ही चूक आम्हाला पहिल्यापासून ठाऊक होती, हे मुद्दाम सांगते. नंतर काही जण म्हणाले की बोली कोणाला समजलीच नाही. तसं नव्हतं. मॅडमना समजली होती, मला समजली होती. आम्ही ढीगभर वाक्यं बोलून यंत्राला शिकवलीही. ते बरंच सुधारलं. पण बरंच म्हणजे सगळं नव्हे. आवाज तुटक असला, वारा असला, बोलणारा घाबरलेला असला, की ते परत आपल्या पुस्तकाकडे वळायचं.

म्हणून चौथं तत्त्व आलं.

तत्त्व म्हणजे काय, हे मलाही तेव्हा ठाऊक नव्हतं. मॅडमनी मला सांगितलं ते असं: नियम सांगतो काय करायचं. पण नियमात नसलेलं काही घडलं, तर आपण कोणाच्या बाजूने उभं राहायचं, ते तत्त्व सांगतं. तत्त्वांची बैठक जिल्ह्याच्या ऑफिसात झाली. ऐकणाऱ्यांपैकी एकीने यावं असा मॅडमचा आग्रह होता, म्हणून मी गेले. एवढ्या मोठ्या टेबलाशी मी आधी कधी बसले नव्हते. चहाचा कप उचलताना बशी वाजेल म्हणून चहा तसाच ठेवला.

पहिलं तत्त्व ठरलं: आपण यंत्राशी बोलतो आहोत हे माणसाला आधी सांगायचं. फसवायचं नाही. दुसरं: आवाज ज्याचा त्याचा. त्याला विचारल्याशिवाय तो दुसऱ्या कोणाला ऐकवायचा नाही. तिसरं: काम झालं की ठरल्या मुदतीत आवाज पुसून टाकायचा, फक्त लिहिलेलं ठेवायचं, तेही नाव काढून. या तिसऱ्यावर कोणीतरी म्हणालं, ठेवले तर काय बिघडतं? तेव्हा मी बोलले. बैठकीतलं माझं ते पहिलं वाक्य. मी म्हटलं, "सर, लोक फोनवर घरातलं बोलतात. मागे घरातली माणसंही बोलत असतात. ते आपण ठेवू नये." सगळ्यांनी मान डोलावली. मला खूप बरं वाटलं. घरी फोन करून सांगितलंही.

चौथं मॅडमनी असं लिहून आणलं होतं: "दुखणं, जखम, बाळंतपण किंवा जिवाची भीती याबद्दल फोन असेल, किंवा माणूस तीच गोष्ट दुसऱ्यांदा सांगत असेल, तर यंत्राने अर्थ लावत बसू नये. फोन माणसाकडे द्यावा."

टेंभरे साहेबांनी ते दोनदा वाचलं. साहेब इथलेच, गोरेगावकडचे, घरी पोवारी बोलीत बोलणारे. कार्यक्रमाची माणसं, खुर्च्या, पाळ्या सगळं त्यांच्याकडे. ते म्हणाले, "मॅडम, वाक्य चांगलं आहे. पण माणूस बसवावा लागेल ना जी. सकाळी एक, दुपारी एक. धानखरेदीच्या दिवसात हीच पोरं तिकडे लावावी लागतात. तेव्हा खुर्ची रिकामी राहील. जे पाळता येणार नाही ते लिहू नये. एक तत्त्व मोडलं की बाकीच्यांवर कोणी विश्वास ठेवत नाही." आणि त्यांनी पेनाने एक शब्द घातला. "फोन शक्यतो माणसाकडे द्यावा."

त्यांचं म्हणणं मला खोटं वाटलं नाही. आजही वाटत नाही. पण तो शब्द मला टोचला. मी म्हटलं, "सर, शक्यतो म्हणजे कोणी ठरवायचं?" ते म्हणाले, "म्हणजे जमेल तितकं, बेटा." मी म्हटलं, "यंत्राला तसं कसं सांगायचं?" मॅडम म्हणाल्या, "हा मुद्दा बैठकीच्या टिपणात घ्या." तो घेतला गेला. अजून आहे. आणि यंत्राला असं सांगण्यात आलं, की खुर्चीवर माणूस असेल तर फोन द्यायचा, नसेल तर आपणच निपटवायचा.

नंबर सगळ्या तालुक्यांत सुरू झाला, आणि पहिल्याच आठवड्यात बुधराम आजा आले. म्हणजे त्यांचा आवाज आला.

यंत्र म्हणालं, "नमस्कार. मी यंत्र आहे."

"नमस्कार. मी बुधराम होय."

यंत्र म्हणालं, "आपली अडचण सांगा."

"अडचन काई नाई बाई. तुमचं जेवन झालं का?"

मी हेडफोन काढून रेहानाला ऐकवावं म्हणून वळले आणि दुसरं तत्त्व आठवून गप्प बसले. आजा यंत्र हे तिचं नाव समजले होते. त्या दिवसापासून ती त्यांची यंत्राबाई झाली. ते जवळपास रोज फोन करायचे. गाडी कोणती उशिरा आली ते सांगायचे, कारण त्यांच्या गावात फोनला रेंज फक्त स्टेशनाजवळच्या चिंचेखाली यायची. कधी रेंज मेहेरबान असली तर घरूनही लागायचा. मग मागून आजीचा आवाज यायचा.

"कोनासंग बोलून राहिले जी?"

"यंत्राबाईसंग."

"तिले काई कामधंदा नाई का?"

"सरकारी हाय ती."

"मंग तं नसनच."

मी मॅडमना म्हटलं, पहिलं तत्त्व पाळूनही फसतंय. आपण यंत्र असल्याचं सांगतो, पण आजांना ते नाव वाटतं. मॅडमनी वाक्य बदललं. दुसऱ्या दिवसापासून यंत्र म्हणू लागलं, "मी माणूस नाही. मी यंत्र आहे." आजा म्हणाले, "माणूस नाई ते आवाजावरूनच समजते, बाई." आमच्याकडे माणूस म्हणजे पुरुष. मॅडमनी कपाळावर हात मारला आणि खूप दिवसांनी मोकळ्या हसल्या.

आजीचं नाव सुगरता. मागचं बोलणं तक्रारीत मोडत नाही, म्हणून ते लिहायचं नाही असा नियम होता. पडद्यावर खाली एक रकाना असतो, "मागील आवाज". त्यात फक्त आहे की नाही एवढं लिहायचं. आजीच्या प्रत्येक टोमण्यासाठी मी तिथे "आहे" असं लिहीत गेले. हसत लिहीत गेले.

त्यांच्या गावात आणि माझ्या गावात एका टेकडीचं अंतर. पण मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं. कानाने ओळखत होते. फोन करायचं कारण एकदा आजांनीच यंत्राबाईला सांगितलं होतं. लेक लग्न होऊन छत्तीसगडात गेलेली, शेजारी कामाला जाणारे. "बुढी बोलते, पन तिचं सारं आयकून झालं माझं." मागून लगेच, "आन माझं नाई झालं का?"

मग मोहाचे दिवस आले. आमच्या भागात त्या दिवसांत पहाटे गाव रिकामं होतं. फुलं पडायला लागली की म्हातारी, पोरं, सगळी टोपल्या घेऊन जंगलात. त्या दिवशी आजीच्या पोटात कळ आली म्हणून ती दोघं घरी थांबली. शेजारपाजार कोणी नाही. आजा स्टेशनाजवळच्या चिंचेखाली गेले आणि त्यांनी यंत्राबाईला फोन लावला.

त्या दिवशी खुर्ची रिकामी होती. कोणी कामचुकारपणा केला नव्हता. जिची पाळी होती तिला दुसऱ्या कामावर पाठवलं होतं, तशी लेखी परवानगी होती. शक्यतो.

आमच्या कामाचं एक दुःख बाहेरच्यांना कळत नाही. आमच्याकडे येतो तो आवाज घडून गेलेला असतो. माणूस बोलतो तेव्हा यंत्र ऐकतं. आम्ही ऐकतो ते दुसऱ्या दिवशी. मी दुपारी कॉलेजातून आले, डबा खाल्ला, हेडफोन लावला. आजांचे एकामागून एक तीन फोन होते. मला आधी बरंच वाटलं. म्हटलं, आज काय गंमत.

पहिल्यात आजा धापा टाकत होते. "यंत्राबाई, बुढीचं पोट दुखून राहिलं. गाडी पाठव." वारा होता, मधेच मालगाडी जात होती. "गाडी" तिच्या धडधडाटात गेलं. यंत्राने लिहिलं होतं, "पत्नीचे पोट दुखायचे राहिले." आणि उत्तर दिलं होतं, "त्रास थांबला हे ऐकून बरं वाटलं. काळजी घ्या."

दुसऱ्यात, "थांबला नाई वो. दुखून राहिलं म्हनतो मी. दुखून राहिलं." तीच गोष्ट दुसऱ्यांदा. इथे फोन माणसाकडे जायला हवा होता. यंत्राने खुर्ची पाहिली, रिकामी होती. "त्रास थांबला हे ऐकून बरं वाटलं. काळजी घ्या."

तिसऱ्यात आजा ओरडले नाहीत. त्यांचा आवाज खाली आला होता, समजावल्यासारखा. "यंत्राबाई, तू आयकून नाई राहिली." बस, एवढंच. आणि पडद्यावर लिहिलेलं होतं, "ऐकायचे काही राहिले नाही."

मी आजांचा नंबर लावला. रेंज नाही. घरी आईला फोन केला. आई म्हणाली, "टेकडीपलीकडची सुगरता का? काल गेली ते." दुपारी मोह वेचून परतलेल्या लोकांनी तिला खाटेवरून स्टेशनावर नेलं, तिथून जीप केली. दवाखान्यात पोचली, पण संध्याकाळी गेली. डॉक्टर म्हणाले, लवकर आणलं असतं तर वाचली असती असं सांगता येत नाही, नसती वाचली असंही सांगता येत नाही. हे वाक्य मी पुष्कळदा मनात उलटसुलट करून पाहिलं आहे. कसंही वाचलं तरी त्यातून बाहेर पडता येत नाही.

रेहानाने माझ्या कानावरून हेडफोन काढला. "चल, पानी पी ले," म्हणाली. पुढचा फोन एका बाईचा होता, राशनकार्डावर नाव चुकल्याचा. तो मी तपासला. कसा तपासला ते आठवत नाही.

मॅडमनी तातडीची बैठक लावली. त्यांना ते तीन फोन बैठकीत ऐकवायचे होते. लिहिलेलं वाचून कोणाला समजणार नाही, म्हणाल्या. पण दुसरं तत्त्व: आवाज ज्याचा त्याचा. आजांना विचारायला कोणीतरी जायला हवं होतं. मी जाते म्हटलं.

आजा अंगणात बसले होते. मी कल्पना केली होती त्याहून बरेच लहानखुरे. अंगणात मोह वाळत घातलेला, शेजाऱ्यांनी आणून दिलेला. मी पाया पडले, कोणत्या गावची, कोणाची ते सांगितलं. माझा आवाज ऐकून ते माझ्याकडे टक लावून पाहू लागले.

"तूच का यंत्राबाई?"

"नाही आजा. ती मशीन आहे. मी डिलेश्वरी. ती काय लिहिते ते मी ऐकून तपासते."

"म्हंजे तू आयकत होती."

"हो आजा."

"त्या दिवशी?"

"दुसऱ्या दिवशी."

त्यांनी हाताने मोहाची दोन फुलं उचलली, परत ठेवली. "दुसऱ्या दिवशी," एवढंच म्हणाले. माझ्यावर रागावले असते तर मला सोपं गेलं असतं.

मी कशासाठी आले ते सांगितलं. साहेब लोकांना तुमचा आवाज ऐकवायचा आहे, तुमची हरकत नसेल तरच. ते म्हणाले, "आयकवा. मी काई वाईट बोललो नाई तिले." तिले म्हणजे यंत्राबाईला. एक गाडी स्टेशनावरून न थांबता गेली. तिचा आवाज मी हेडफोनमधून इतक्यांदा ऐकला होता की मला चुकल्याचुकल्यासारखं वाटलं, समोर पडदा नाही म्हणून.

"बाई," आजा म्हणाले, "तुमी सारं भरून ठेवता म्हने. बुढी मागून बोलत राहे. थे हाये का?"

मला काय विचारत आहेत ते लगेच समजलं. आजीचा फोटो घरात नव्हता. राशनकार्डावरचा होता, तो कोणाचाही वाटावा असा.

"एकडाव आयकलं असतं," ते म्हणाले.

त्या तीन फोनांत आजी नव्हती. ती घरी होती, आजा चिंचेखाली. तिचे सगळे टोमणे आधीच्या फोनांत होते, आणि त्यांची मुदत संपली होती. तिसरं तत्त्व. ठरल्याप्रमाणे, एक दिवसही इकडेतिकडे न होता पुसले गेले होते. त्या तत्त्वाच्या बाजूने मीच बोलले होते, आणि तत्त्व बरोबरच आहे. उद्या बैठक झाली तर मी पुन्हा तेच बोलेन. पण आजांना काय सांगू? मी म्हटलं, "आजा, ते पुसलं जातं. कोणाच्या घरातलं बोलणं आपण ठेवत नाही."

"बरं करता," आजा म्हणाले. त्यांना ते खरंच पटलं होतं. "लोकाईचं कायले ठेवाचं." मग म्हणाले, "चहा घेशील? साखर नाई दिसत. तिले ठाऊक राहे कुठी ठेवली ते."

आम्ही दोघांनी मिळून साखर शोधली. चुलीमागच्या डब्यात होती.

बैठकीत तिन्ही फोन ऐकवले. मॅडम कागदाकडे पाहत होत्या. टेंभरे साहेबांनी चष्मा काढला. म्हणाले, "शब्द माझा होता. मी काढतो." त्यांनी पेनाने तो खोडला. पेन ठेवलं नाही, त्याच ओळीखाली आणखी एक लिहिलं: "खुर्ची रिकामी असेल त्या वेळी हा नंबर बंद ठेवावा, आणि बंद आहे असं स्पष्ट सांगावं." मग मला म्हणाले, "बेटा, तू विचारलं होतंस." माझं बरोबर निघालं याचा मला अभिमान वाटायला हवा होता का, कोण जाणे. मला फक्त एवढं वाटत होतं, की नंबर बंद लागला असता तर आजांनी चिंचेखाली उभं राहून तीनदा समजावलं नसतं. ते रुळावर जाऊन मालगाडीच्या माणसाला हात दाखवू शकले असते. काहीतरी केलं असतं त्यांनी.

आता पहाटेपासून खुर्ची भरलेली असते. मोहाच्या आणि धानखरेदीच्या दिवसांतही. कॉलेजच्या आधीची पाळी मी मागून घेतली. तत्त्वांचा कागद आमच्या भिंतीवर लावलेला आहे, छापलेला, स्वच्छ. चौथ्या ओळीत कुठे काही खोडल्याची खूण नाही. नवीन आलेल्या मुलींना ते वाक्य पहिल्यापासून असंच होतं असं वाटतं. मी सांगते त्यांना, पण कामाच्या घाईत कितीसं सांगणार. म्हणून इथे लिहिलं.

बुधराम आजांचा फोन पुष्कळ दिवस आला नाही. दिवाळीच्या थोडं आधी, सकाळी आला. यंत्र म्हणालं, "मी यंत्र आहे." आजा म्हणाले, "बाई, दुखून राहिलं." यंत्राने अर्थ लावला नाही. फोन माझ्याकडे आला, मी लगेच उचलला.

"आजा, मी डिलेश्वरी. काय दुखतंय? गाडी पाठवू?"

"नाई बाई. काई नाई दुखत." त्यांचा श्वास ऐकू येत होता. "उचलते का नाई, तेवढं पाहून राहिलो होतो."

पलीकडे चिंचेचा वारा नव्हता, फोन घरून लागला होता.

"जेवन झालं का तुमचं?" आजांनी विचारलं.

"अजून नाही आजा. तुमचं?"

"करीन," म्हणाले, आणि फोन ठेवला.

पडद्यावर यंत्राने सगळं बरोबर लिहिलं होतं. "पाहत होतो" असंच. दुरुस्त करायला काही नव्हतं. खालचा एक रकाना तेवढा भरायचा होता. मी पुन्हा एकदा शेवटपर्यंत ऐकलं, आणि "मागील आवाज" समोर लिहिलं, नाही.